स्तोत्रं तीच, चाली वेगळ्या

२० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप यांचं लग्न लागलं, तेव्हा तिथे बायबलमधलं तेविसावं स्तोत्र गायलं गेलं. शब्द स्कॉटलंडच्या १६५०च्या स्तोत्रग्रंथातले, चाल ‘क्रिमंड’. रेडिओवरून ही चाल दूरदूर पोचली. आज स्कॉटलंडमध्ये लग्न असो की अंत्यविधी, ती हमखास कानी पडते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन नॉक्स याच्या काळापासून ती तिथल्या डोंगरदऱ्यांत अशीच घुमत आली असणार. प्रत्यक्षात ती पहिल्यांदा छापली गेली १८७२ साली, ॲबर्डीनच्या ‘नॉर्दर्न सॉल्टर’ या संग्रहात. क्रिमंड गावच्या पाळकाची मुलगी जेसी सीमोर आयर्विन हिने ती बांधली की डेव्हिड ग्रँट या दुसऱ्या संगीतप्रेमीने, यावर अजून वाद चालतो. १९३०च्या दशकात ग्लासगोच्या ऑर्फियस गायकवृंदाने ती गाजवली. लग्नाच्या दिवशी त्या गाण्याचे शब्द तीनशे वर्षांचे होते, चाल पाऊणशे वर्षांची, आणि तिला लाभलेली लोकप्रियता एका पिढीइतकीही जुनी नव्हती.

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन उपासनेत असं वारंवार दिसतं. जे अनादि वाटतं त्याला एक जन्मतारीख असते, आणि बहुतेक वेळा त्या तारखेला कुणीतरी कडाडून विरोध केलेला असतो. हा इतिहास इतका बारकाईने सांगता येतो याचं कारण त्या चर्चच्या रचनेत आहे. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप नसतो. पाळक आणि मंडळीतले वडील एकत्र बसून कारभार करतात: गावपातळीवर किर्क सेशन, त्यावर प्रेस्बिटरी, सर्वांत वर वर्षातून एकदा भरणारी महासभा. कुणी प्रार्थनेला गुडघे टेकले, कुणी वाद्य आणलं, की तक्रार होते, चर्चा होते, मतं पडतात, इतिवृत्तात नोंद होते. त्यामुळे इतर ठिकाणी नकळत झालेले बदल इथे सनावळीसह सापडतात.

सुरुवात जिनिव्हात झाली. १५५०च्या दशकात इंग्लंडमधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांची एक मंडळी तिथे होती आणि जॉन नॉक्स तिचा पाळक होता. त्या शहरात कॅल्विनच्या देखरेखीखाली बायबलमधली स्तोत्रं फ्रेंच छंदांत बांधली जात होती, आणि सगळी मंडळी ती एका सुरात गात होती. त्याआधी चर्चमधलं गाणं लॅटिनमध्ये असे आणि ते पाद्री किंवा शिकवलेले गायक गात, बाकीचे ऐकत. आता सुतार, दाई, दुकानदार, पोरंबाळं दाविदाचे शब्द आपल्या भाषेत आपल्याच तोंडाने म्हणू लागली. धर्मसुधारणेच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा हा बदल सामान्य माणसाला थेट भिडला.

१५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली आणि जिनिव्हातली उपासना नॉक्ससोबत एडिंबरात आली. १५६४ साली दीडशेच्या दीडशे स्तोत्रांचा छंदोबद्ध ग्रंथ निघाला. त्यात शंभराहून अधिक चाली होत्या. जोडीला उपासनेचं एक पुस्तक होतं, ‘बुक ऑफ कॉमन ऑर्डर’. त्यात प्रार्थना छापलेल्या होत्या. पाळकाने त्याच शब्दांत म्हणाव्यात अशी सक्ती नव्हती, पण हाताशी असाव्यात म्हणून त्या दिलेल्या होत्या. प्रभूची प्रार्थना होती, विश्वासांगीकार होता. १५६७ साली जॉन कार्सवेलने हे पुस्तक गेलिकमध्ये आणलं, आणि गेलिक भाषेत छापलं गेलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याची नोंद झाली. पुढच्या तीनशे वर्षांत काय काय घडलं हे समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: नॉक्सच्या उपासनेत छापील प्रार्थना होत्या.

मग पुस्तकाचा तिटकारा आला कुठून? २३ जुलै १६३७च्या सकाळी एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये डीनने नव्या प्रार्थनापुस्तकातून वाचायला सुरुवात केली आणि त्याच्या दिशेने एक तिवई भिरभिरत आली. ती फेकणारी बाजारात भाजी विकणारी जेनी गेडिस होती, असं परंपरा सांगते. ते पुस्तक राजा चार्ल्सने आणि आर्चबिशप लॉडने मंडळीला न विचारता लादलं होतं. दंगल झाली, आणि पुढच्या फेब्रुवारीत ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये ही सक्ती नाकारणाऱ्या राष्ट्रीय करारावर सह्या सुरू झाल्या. त्या करारातून युद्ध पेटलं. संताप होता सक्तीवर. पण एकदा रक्त सांडल्यावर सक्ती आणि पुस्तक यांतला फरक कोण करत बसणार? पुढच्या पिढ्यांना छापील प्रार्थना दिसली की लॉड आठवू लागला. प्रभूची प्रार्थनासुद्धा हळूहळू उपासनेतून गळाली.

१६४५ साली स्कॉटलंडने वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेत तयार झालेली ‘डिरेक्टरी’ स्वीकारली. प्रार्थनांचे शब्द न देता कशासाठी आणि कोणत्या क्रमाने प्रार्थना करावी एवढंच ती सांगत असे. त्याच डिरेक्टरीत एक छोटी सूचना होती. मंडळीत पुष्कळांना वाचता येत नसेल, तर एकाने स्तोत्राची ओळ आधी म्हणावी आणि बाकीच्यांनी ती मागून गावी. ही सूचना इंग्लंडची परिस्थिती बघून आलेली होती आणि स्कॉटिश प्रतिनिधींना ती पसंत नव्हती. आपले लोक स्तोत्रं सलग गातात, मध्ये मध्ये तोडायची गरज काय, असं त्यांचं म्हणणं.

पण ती रीत आली आणि अशी रुजली की विचारू नये. १६५०चा नवा स्तोत्रग्रंथ चालींशिवाय छापला गेला. जवळपास सगळी स्तोत्रं एकाच छंदात होती, आठ आणि सहा अक्षरांच्या आलटून पालटून येणाऱ्या ओळींत. अशा रचनेचा फायदा वारकऱ्यांना सांगायला नको; एक चाल पाठ असली की तिच्यावर कितीतरी अभंग म्हणता येतात. तोटाही तोच. शंभरावर चालींतून उरल्या बारा. डंडी, मार्टर्स, एल्गिन, फ्रेंच, यॉर्क अशी त्यांची नावं. कित्येक गावांत याहून वेगळी चाल लावणं हाच आगाऊपणा ठरे. व्यासपीठाखालच्या मेजाशी प्रिसेंटर उभा राही. बहुधा तो गावचा शाळामास्तर असे. तो ओळ म्हणे आणि मंडळी बसल्या जागी ती उचले. प्रार्थनेला उभं राहायचं आणि गाताना बसायचं, अशी तिथली पद्धत. वाद्य नाही, लय धरणारं कुणी नाही. गाणं संथ होत गेलं. इतक्या संथ गतीत रिकामा सूर धरून ठेवणं कठीण, म्हणून प्रत्येकजण त्यात आपापल्या हरकती भरू लागला.

चालींचा सराव करताना पवित्र शब्द वापरणं लोकांना अनुचित वाटे. म्हणून तरुण मंडळी गावातल्या, शेतातल्या, प्रेमातल्या साध्यासुध्या जोडकवितांवर चाल घोटत आणि स्तोत्राचे शब्द रविवारसाठी राखून ठेवत. या एका सवयीतून त्या माणसांची स्तोत्रांबद्दलची भावना जितकी कळते तितकी कुठल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातून कळत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यावर सुधारकांना हे गाणं ओबडधोबड वाटू लागलं. १७४६ साली महासभेने सुचवलं की घरच्या उपासनेत तरी स्तोत्रं मध्ये न थांबता गावीत. १७५०च्या दशकात ॲबर्डीनशायरमधल्या मनीमस्क गावी थॉमस चॅनन नावाचा इंग्रज सैनिक आला. जमीनदार सर आर्चिबाल्ड ग्रँटच्या पाठिंब्याने त्याने गायकांचा ताफा तयार केला, चार आवाजांत गायला शिकवलं, लय बांधून दिली. ही लाट आसपासच्या गावांत पसरली आणि ओळ सांगायची पद्धत मोडायची वेळ आली, तेव्हा लोक खवळले. हा वाडवडिलांचा रिवाज आहे, याला हात लावू देणार नाही! शंभर वर्षांपूर्वी जी रीत परकी म्हणून नकोशी होती, ती आता पूर्वजांची ठेव झाली होती. या लोकांना हसणं सोपं आहे, पण त्यांचं दुखणं खरं होतं. ओळ सांगितली जात होती तोवर निरक्षर म्हातारीला स्तोत्रात जागा होती. चार आवाजांचा ताफा आला की ती ऐकणारी होणार होती.

सगळी धग रविवारच्या बाकांवरच होती असंही नाही. प्रभुभोजनाचा विधी वर्षातून एकदा किंवा दोनदाच होई, पण झाला की चार-पाच दिवसांचा. गुरुवारी उपास, शनिवारी तयारीची प्रवचनं, रविवारी भोजन, सोमवारी उपकारस्तुती. शेजारच्या गावांतून माणसं चालत येत. आत लांबलचक मेजांवर पांढरी कापडं अंथरलेली असत, आणि ज्यांच्या वर्तनाची वडिलांनी शहानिशा केली आहे त्यांनाच शिशाचा बिल्ला मिळे. तो दाखवून मेजावर बसायचं. बाहेर मैदानात एकामागून एक पाळक उपदेश करत. १७४२च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोजवळच्या कँबुस्लँगला विल्यम मॅक्युलॉकच्या मंडळीत असं भोजन झालं, तेव्हा जॉर्ज व्हाइटफील्डच्या अंदाजाप्रमाणे तीस हजार लोक जमले होते. अशा मेळ्यात हौसे-नवसे-गवसेही येणारच. रॉबर्ट बर्न्सने १७८५च्या सुमारास त्यांच्यावर एक खट्याळ कविता लिहिली. अल्स्टर आणि स्कॉटलंडमधून अमेरिकेत गेलेल्यांनी ही प्रथा सोबत नेली. १८०१ साली केंटकीतल्या केन रिजला झालेलं विराट पुनरुज्जीवन संमेलन मुळात असंच प्रेस्बिटेरियन प्रभुभोजन होतं. रडणारी, भुईवर कोसळणारी हजारो माणसं आणि कोरड्या, शिस्तशीर म्हणून ओळखला जाणारा पंथ! हा दुसरा चेहरा अनेक इतिहासांत झाकला जातो.

वाद्याचा प्रश्न १८०७ साली ग्लासगोत पेटला. सेंट अँड्र्यूज चर्चचे पाळक विल्यम रिची यांनी मंडळीच्या संमतीने रविवारच्या उपासनेत ऑर्गन वाजवू दिला. नगरप्रशासन अस्वस्थ झालं, प्रकरण प्रेस्बिटरीत गेलं आणि निकाल आला: उपासनेत ऑर्गन वाजवणं देशाच्या कायद्याला आणि चर्चच्या घटनेला धरून नाही. ऑर्गनला लोक हेटाळणीने ‘शिट्ट्यांची पेटी’ म्हणत. यानंतर अर्धं शतक ती पेटी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चबाहेरच राहिली.

ती आत आणली रॉबर्ट ली यांनी. आणि ज्या इमारतीत आणली ती होती एडिंबराची ओल्ड ग्रेफ्रायर्स, जिथे १६३८ साली करारावर सह्या झाल्या होत्या. ली १८४३ साली तिथे पाळक झाले. दोन वर्षांनी आगीत चर्च जळालं. दुरुस्त होऊन १८५७ साली उघडलं तेव्हा खिडक्यांत रंगीत काचा होत्या. पण खरा धक्का उपासना सुरू झाल्यावर बसला. मंडळीने गाण्यासाठी उभं राहायचं आणि प्रार्थनेला गुडघे टेकायचे, म्हणजे रूढीच्या नेमकं उलट. पाळक छापील पुस्तकातून प्रार्थना वाचणार. १८५९ साली महासभेने पुस्तकातून वाचायला मनाई केली. ली यांनी आज्ञा पाळण्याचे मार्ग शोधले आणि सुधारणा चालूच ठेवल्या. १८६३ साली हार्मोनियम आलं, १८६५ साली मोठा पाइप ऑर्गन बसला. दर वर्षी महासभेत त्यांच्यावर वाद रंगे.

१८६४ साली ली यांनी चर्चच्या सुधारणेवर एक पुस्तक लिहिलं. छापील प्रार्थना हे इंग्लंडच्या चर्चचं अनुकरण असेल तर नॉक्सही अनुकरण करणाराच ठरतो, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा बिनतोड होता. स्कॉटलंड स्वतःचं पहिलं पुस्तक विसरून गेला होता. १८६७ साली ली घोड्यावरून पडले, अंग लुळं पडलं आणि पुढच्या मार्चमध्ये ते वारले. त्यांच्याविरुद्धचा खटला निकालाआधीच संपला. पण १८६५ सालीच काही पाळकांनी ‘चर्च सर्व्हिस सोसायटी’ स्थापली होती. १८६७ साली तिचं ‘युकोलोजिऑन’ हे प्रार्थनासंकलन निघालं आणि पाहता पाहता देशभरच्या पाळकांच्या मेजावर पोचलं. ज्यांना महासभेत उघड पाठिंबा द्यायचा नव्हता तेसुद्धा घरी बसून त्यातून प्रार्थना तयार करत. ली फार हटवादी होते आणि मंडळीची समजूत घालण्यापेक्षा महासभेला जेरीला आणण्यात त्यांची शक्ती अधिक खर्च झाली, हे मान्य करावं लागतं. तरी आजचं स्कॉटिश चर्च आतून जसं दिसतं त्यात त्यांचा हात सर्वांत मोठा आहे.

या दरम्यान चर्च फुटलं होतं. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा अधिकार अमान्य करून १८४३ साली सुमारे ४७० पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापलं. त्यांच्यातला होरेशियस बोनार हा एकोणिसाव्या शतकातला श्रेष्ठ गीतकार. त्याची शेकडो गीतं इंग्रजी बोलणाऱ्या जगभर गायली जात होती. त्याच्या स्वतःच्या मंडळीत मात्र त्याच्या आयुष्याचा बराच काळ फक्त स्तोत्रं चालत. माणसाने रचलेलं गीत उपासनेत नको, बायबलमधलं गाणं पुरे, हा नियम त्याने आपल्यासाठी मोडला नाही. १८७३ साली अमेरिकन सुवार्तिक मूडी आणि त्याचा साथी गायक सँकी एडिंबरात आले. सँकी एका छोट्या हार्मोनियमपुढे बसून एकट्याने गाई आणि बोनारच्याच फ्री चर्चचे कित्येक लोक ऐकून रडत. त्यानंतर विरोध वितळायला लागला. फ्री चर्चने १८७२ सालीच गीतांना परवानगी दिली होती. १८८३ साली वाद्यांनाही दिली. १८९८ साली निरनिराळ्या प्रेस्बिटेरियन चर्चांनी मिळून एकच ‘चर्च हिम्नरी’ काढली.

या हिम्नरीच्या १९२७च्या सुधारित आवृत्तीत महाराष्ट्राचा एक धागा आहे. स्कॉटिश मिशनरी मराठी मुलखात १८२३ साली आले, आधी कोकणात बाणकोट-हर्णै भागात आणि नंतर मुंबई-पुण्यात. जॉन विल्सन यांनी १८३१ साली मुंबईत एतद्देशीयांची प्रेस्बिटेरियन मंडळी उभी केली. नागपुरात स्टीफन हिस्लॉप आले. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. या मंडळ्यांतल्या उपासनेचा साचा स्कॉटलंडचा होता. लांब प्रवचन, साधं व्यासपीठ, बाक आणि पाश्चात्त्य चालींत बसवलेली मराठी गीतं. मराठीचा छंद ऱ्हस्व-दीर्घावर चालतो आणि त्या चाली आघातावर, त्यामुळे ठोका भलत्याच अक्षरावर पडे. उपाय सापडला तो शेजारच्या परंपरेत. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्यांत कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, पदं आणि भजनांचा असा ओघ आणला की मराठी ख्रिस्ती माणूस टाळ, तबला, पेटीवर आपल्याच सुरात गाऊ लागला. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. स्कॉटिश लोकांनी बांधलेल्या चर्चांतून आज टिळकांची भजनं ऐकू येतात ती या वाटेने.

उलट दिशेनेही प्रवास झाला. निकोल मॅकनिकोल हे पुण्यात राहिलेले स्कॉटिश मिशनरी. लहानपणापासून स्तोत्रांवर वाढलेल्या या माणसाने ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम वाचले आणि १९१९ साली १०८ मराठी रचनांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. मराठी संतांची स्तोत्रं असं त्याला नाव दिलं. घरी दाविदाच्या गाण्यांसाठी राखून ठेवलेला मान त्यांनी अभंगांना दिला. टिळकांचं एक गीतही त्यांनी इंग्रजीत आणलं, तेही नेमकं त्या जुन्या आठ-सहाच्या छंदात, आणि ते १९२७च्या हिम्नरीत छापलं गेलं. ज्या देशाने दोनशे वर्षं बायबलबाहेरचं गाणं चर्चमध्ये येऊ दिलं नव्हतं, त्याच्या रविवारच्या पुस्तकात नगरच्या मराठी कवीची प्रार्थना आली होती.

विसाव्या शतकातला सर्वांत धाडसी प्रयोग आयोना बेटावर झाला. सहाव्या शतकात संत कोलंबाने तिथे मठ स्थापला होता. पुढे मध्ययुगीन ॲबी उभी राहिली आणि धर्मसुधारणेनंतर ओस पडली. चर्चची इमारत विसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्त झाली होती, पण भोवतालची मठाची घरं पडीकच होती. ग्लासगोच्या गोव्हन भागात, जहाजबांधणीच्या मजुरांत काम करणारे पाळक जॉर्ज मॅक्लाउड यांनी १९३८ साली बेकार कारागीर आणि नवशिके पाळक यांना सोबत घेतलं आणि भिंती उभारायला सुरुवात केली. दिवसा चुना आणि दगड, सकाळ-संध्याकाळ उपासना. प्रेस्बिटेरियन पाळक मठ बांधतो आहे म्हणून टीका झाली. रोमकडे वळला, मॉस्कोकडे वळला, असे दोन्ही आरोप एकाच माणसावर झाले. काम १९६५ साली पुरं झालं. याच काळात स्कॉटलंडची एक जुनी अढी सुटत होती. नाताळ बायबलमध्ये सांगितलेला नाही म्हणून तिथे तो शतकानुशतकं साधा कामाचा दिवस होता. त्याला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ साली.

आयोना परिवारातूनच जॉन बेल पुढे आले. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि ग्रॅहम मॉल यांनी नवी गीतं रचली, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतली गाणी स्कॉटिश मंडळ्यांना शिकवली. त्यांची शिकवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. हातात वाद्य नसतं. समोर उभं राहून ते एक ओळ गातात, हाताने सुराची उंची दाखवतात, आणि लोक ती ओळ परत गातात. चॅननच्या ताफ्याने घालवून दिलेला प्रिसेंटर असा पुन्हा मंडळीसमोर उभा राहिला. आपल्याला गाता येत नाही असं बहुतेकांना लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते त्यांच्या मनातून काढणं हे उपासना चालवणाऱ्याचं पहिलं काम, असं बेल सांगत आले आहेत. २००५ साली निघालेल्या चौथ्या ‘चर्च हिम्नरी’च्या समितीचे तेच प्रमुख होते. त्या पुस्तकाची सुरुवात शंभराहून अधिक स्तोत्ररचनांनी होते.

ओळ सांगून गायची मूळ रीत मात्र एका ठिकाणी कधी मोडलीच नव्हती. लुईस आणि आसपासच्या बेटांवर गेलिक भाषेत ती आजही चालू आहे. आरगाइलच्या सिनडने, म्हणजे तिथल्या प्रेस्बिटऱ्यांच्या सभेने, १६५९ साली पहिली पन्नास स्तोत्रं गेलिकमध्ये आणली, १६९४ साली सगळी. प्रिसेंटर ओळ भरभर सोडतो आणि ती संपण्याआधीच मंडळी आत शिरते. चाल एक, पण प्रत्येक गळा आपल्या वेगाने आणि आपल्या हरकतींनी तिच्याभोवती फिरतो. सगळे एका सुरावर क्षणभर टेकतात आणि पुन्हा पांगतात. अठराव्या शतकातल्या सुधारकांना ज्या गाण्याची लाज वाटत होती, ते हेच. २००३ साली लुईसच्या बॅक गावच्या फ्री चर्चमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि ते ऐकायला जगभरचे संगीतज्ञ कान टवकारून बसले.

ही बेटं फ्री चर्चचा बालेकिल्ला. १९०० साली त्या चर्चचा मोठा हिस्सा दुसऱ्या एका चर्चशी एक झाला आणि मागे राहिलेल्या छोट्या गटाने काही वर्षांतच गीतं आणि वाद्यं पुन्हा बंद केली. शतकभर तिथे फक्त स्तोत्रं, फक्त गळ्याने. पण शहरांतल्या तरुण मंडळ्यांत प्रश्न वाढत गेले: बायबलच्या उत्तरार्धातल्या ख्रिस्ताचं नाव गाण्यात घ्यायचंच नाही का? दुसरी बाजू विचारत होती, देवाने दिलेली दीडशे गाणी अपुरी वाटतात ती कुणाला? दोन्ही बाजूंच्या माणसांना आपण धर्मसुधारणेच्या काळाशी प्रामाणिक आहोत अशी खात्री होती. नोव्हेंबर २०१० मध्ये एडिंबरात खास महासभा भरली आणि ८४ विरुद्ध ९८ मतांनी गीतांना आणि वाद्यांना परवानगी मिळाली. अंतिम निवड प्रत्येक किर्क सेशनवर सोपवली गेली, त्यामुळे काही मंडळ्यांत गिटार आली आणि काहींत प्रिसेंटर तसाच राहिला. एक अट मात्र सगळ्यांना सारखीच घातली गेली: प्रत्येक उपासनेत स्तोत्रगायन असलंच पाहिजे. त्यासाठी १६५०च्या भाषेवर अडून बसण्याची गरज उरली नव्हती. आजच्या इंग्रजीत नव्याने छंदोबद्ध केलेला ‘सिंग साम्स’ हा स्तोत्रसंग्रह याच चर्चने २००३ साली, गिटारचा प्रश्न मताला येण्याच्या सात वर्षं आधी, स्वतः तयार करून घेतला होता.